अर्ध्या मिनिटाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे, आणि बायकांनी मला दिलेल्या शिव्या मला पाठ आहेत. त्यातली एकही खोटी नाही.

ओताऱ्याने मला साच्यातून काढले तेव्हा मी हुरळून गेले होते. शाळेत जाईन, पोरे माझ्या आवाजासरशी घरी धूम ठोकतील, असे वाटले होते. नशिबी आले नगरपालिकेचे सभागृह आणि अध्यक्षांचे टेबल.

तिथला नियम असा. दर महिन्याच्या सभेत नागरिकाने प्रश्न विचारायचा. दोन मिनिटे झाली की मी वाजायचे आणि त्याने खाली बसायचे. पुरा झालेला प्रश्न कारकून वहीत लिहितो, मग अध्यक्षांना उत्तर द्यावेच लागते. अर्धवट प्रश्न कुणी लिहीत नाही. पुरुष बोलत तेव्हा अध्यक्ष मला विसरून जात. बाई उभी राहिली की अर्ध्या मिनिटात माझी मूठ धरत.

बाजारात बायकांसाठी शौचालय नव्हते. भाजीवाली दिवसभर पाण्याचा घोट घेत नसे. म्हणून गावातल्या बायकांनी दारोदार फिरून देणगी जमवली आणि विश्वासाने नगरपालिकेच्या हवाली केली. वर्षभराने बाजाराच्या तोंडाशी उभी राहिली कमान, वर अध्यक्षांच्या वडिलांचे नाव! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

देणगीसाठी सर्वांत जास्त पायपीट केलेली शिवणकामवाली सहा सभांना उभी राहिली.

"आमच्या देणगीचं तुम्ही..."

"बसा ताई, वेळ संपली."

मी घणघणले की अध्यक्ष हसत. मला त्या माणसाचा संताप येई. त्याहून जास्त स्वतःचा येई, कारण आवाज माझा होता.

सातव्या सभेला वीस बायका आल्या. शिवणकामवाली म्हणाली, "आम्ही शौचालयासाठी देणगी दिली." मी वाजले, ती बसली. लगेच भाजीवाली उठली, "ती कमानीवर खर्च केली." मी वाजले. तिसरी उठली, "ते आम्हाला न विचारता." दोरा संपला की तिथूनच नवा घेऊन शिवण पुढे न्यावी, तसे चालले होते. अध्यक्ष मला दर शब्दाला बडवू लागले. शेवटी माझ्या आतली तार तुटली आणि तिला टांगलेला लोलक बाकाखाली गडगडत गेला.

शिवणकामवालीची सासू काठी टेकत उभी राहिली. "तर शौचालय कधी बांधणार? झाला प्रश्न पुरा. लिही रे बाबा."

कारकुनाने लिहिले.

"कमान ही गावाची शोभा आहे!" अध्यक्ष ओरडले.

"मग त्या शोभेच्या आडोशाला बसायचं का आम्ही?" भाजीवालीने विचारले.

त्यांनी मला आपटले. मी नुसती खट्ट वाजले. कुणीही खाली बसले नाही. उत्तर पुढच्या सभेत देतो, म्हणून ते पाय आपटत निघाले. माझ्या दुरुस्तीचा खर्च मात्र त्यांनी दारातच, उभ्याउभ्या मंजूर केला.

ती सभा उद्या आहे. लोलक बसवायला कारागीर आज यायचा आहे. उद्या अध्यक्षांनी उत्तर टाळले तर बायका पुन्हा उठतील, आणि अध्यक्ष मला पुन्हा त्यांच्या तोंडावर वाजवतील.

मित्रांनो, आमची निगा राखा, असे जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात. माझी राखू नका. तो कारागीर वाटेत भेटला आणि नगरपालिका कुठे म्हणून विचारू लागला, तर त्याला सरळ बाजारात नेऊन सोडा. तिथे बायकांच्या शौचालयाला नळ बसवायचे आहेत म्हणावे.