एका बटणावर दोन बोटं

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात दाबयंत्राखाली तिचं डाव्या हाताचं मधलं बोट सापडलं. हाड जुळलं, पण बोट काही वाकेना. कामाचं तिनं निभावून नेलं; अडलं ते कॉन्सर्टिनापाशी. दोन टोकांना बटणं आणि मधे भाता असलेली ती षटकोनी पेटी ती दिराच्या नाचाच्या चमूत वाजवायची. शेवटच्या फेरीत एकच सूर भराभर तीन-तीनदा वाजवायचा असे. एकाच बोटानं ठोकला तर सूर एकमेकांना चिकटतात. त्याच बटणावर तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं पडायला हवं. एक उठतंय तोच दुसरं हजर.

दीर चाचरत म्हणाला, "वहिनी, या खेपेला तिथे एकच लांब सूर धरा. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"नाचणाऱ्यांच्या येईल. त्यांचे पाय तीनदा आपटतात."

"मग अकॉर्डियनवाल्यांना बोलावून ठेवतो. राग मानू नका."

राग तिला आलाच. पण तो तिनं दिरावर नाही, बटणावर काढला.

कामावरून आली की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची. मधल्या बोटाऐवजी अनामिका घ्यायची म्हटलं, तर ते आडमुठं बोट वाटेतच ताठ उभं! अनामिका शेजारच्या बटणावर घसरे नि पेटी किंचाळे.

"सुतारपक्षी पाळलास की काय गं?" भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या.

"पाळलाय, आई. टोचायचं शिकवतेय."

पेटीला हात अडकवायचा पट्टा घट्टच हवा, असं तिला शिकवलेलं. शेवटी तिनं तो सैल केला. तळवा तिरका झाला, ताठ बोट बटणांच्या पलीकडे गेलं आणि अनामिका नेमकी जागेवर पडली. आता भाता मात्र हेलकावू लागला. तेव्हा तिनं पेटीचं डावं टोक मांडीवर टेकवलं आणि ओढायचं काम उजव्या हाताकडे दिलं. मग सावकाश, अगदी कंटाळा येईस्तोवर सावकाश, तर्जनी-अनामिका-तर्जनी. सूर सुटे पडल्याशिवाय ती वेग वाढवीत नसे.

तालमीला अकॉर्डियनवाले खरंच येऊन बसले होते. शेवटची फेरी आली आणि तिचे दोन सूर चिकटले. दीर काही बोलणार, तोच ती म्हणाली, "थांबा. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. तीन सूर, तीन पावलं, लख्ख वेगळे. सगळी फेरी तशीच गेली. अकॉर्डियनवाल्यांनी आपलं अकॉर्डियन खोक्यात ठेवलं आणि हसून म्हणाले, "चला, मला जेवायला घरी जाता येईल."

कार्यक्रमात एका ठिकाणी अनामिका चुकलीच. टाळ्या पडल्या, तरी ती चूक तिच्या कानात राहिली.

"वहिनी, पुढच्या वेळी वेग थोडा वाढवायचा का?" दिरानं भीतभीत विचारलं.

"वाढवू की," पेटीचा पट्टा चाचपत ती म्हणाली. "पण आधी ती एक जागा मला पक्की करू द्या."