दारावरचा मासा

शिंप्याने गळ्यातली टेप काढून काचेला लावली. आतला पिवळाधमक मासा ताटलीसारखा वळला आणि टेपेवरच्या आकड्यांकडे बघत राहिला.

"काका, तो काय मापाला उभा राहणार आहे?" दुकानवाली म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. "आणि आजचं माप घेऊन उपयोग नाही. हा वीतभर वाढतो. दिवसभर पळायला जागा लागते त्याला. तुमची टाकी शिलाई मशीनच्या टेबलाएवढी. कोंडाल बिचाऱ्याला."

"मग नको," शिंपी म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

सासूबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"जावईबापू, मागच्या खेपेला तो निळा नको म्हणालात."

"तो दांडगाई करतो, आई. दुसऱ्या कुणाला टिकू देत नाही. या बाईच म्हणाल्या."

"आणि त्याच्या आधी तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा?"

"त्याचं तोंड रडकं होतं."

"पाण्यात राहून तो तोंड पुसणार कुठं?"

दुकानवालीला हसू आवरेना. "आजी, काका सोयरीक जमवायला निघाले असते ना, तर एव्हाना नवरी म्हातारी झाली असती."

शिंपी टेप गुंडाळत राहिला.

टाकी त्याच्या बायकोची. तिनेच दगड रचले, वाळू पसरली, खारं पाणी भरलं आणि म्हणाली, पाणी मुरू दे जरा, मग मासे आणू. पाणी मुरलं. ती राहिली नाही. तेव्हापासून तो रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी टाकीत थोडं गोडं पाणी ओतायचा. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, एवढं तिने शिकवून ठेवलं होतं. स्वतःचा चहा निवला तरी चालेल, पण काचेवरच्या खुणेपर्यंत पाणी आल्याशिवाय तो कप उचलायचा नाही.

सासूबाई लेकीच्या आजारपणात आल्या होत्या, त्या राहिल्या. आता त्यांचा मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, ताई गेली. आता जावयाच्या घरी किती दिवस राहणार? येतो न्यायला." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तिची टाकी रिकामी ठेवून मी निघायची नाही. मासे येऊ देत, मग ये."

आणि तेव्हापासून शिंप्याला एकही मासा पसंत पडत नव्हता.

दुकानवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली तेव्हा सासूबाई उठल्या आणि कोपऱ्यातल्या एका लहान टाकीपाशी गेल्या. त्यांना जवळचं अंधुक आणि लांबचं त्याहून अंधुक दिसायचं, पण हात धरलेला खपायचा नाही. त्यांनी चष्मा काचेला टेकवला.

"ही रिकामीच आहे का हो?"

शिंपी मागे येऊन उभा राहिला. दगडाखाली एक बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी पिवळसर, बोटाएवढा मासा वाळूवर टेकून बसला होता. तेवढ्यात आतून कुणीतरी वाळूचा ढिगारा बाहेर ढकलला.

"अगं बाई! घर झाडतंय कोण?"

"कोळंबी आहे, आजी," दुकानवाली तिथूनच ओरडली. "घर ती खणते. पण तिला धड दिसत नाही. म्हणून दारावर तो मासा. ती बाहेर आली की तिची मिशी बघा."

कोळंबी बाहेर आली. तोंडापुढे शंखाचा तुकडा होता. तो तिने जरा बाजूला नेऊन टाकला, पण एक लांब मिशी तेवढा वेळ माशाच्या शेपटीला लावून ठेवली. दुकानातलं ते दुसरं गिऱ्हाईक टाकीवर वाकलं, त्याची सावली पडली. माशाने शेपटी हलवली. कोळंबी आत पळाली, आणि तिच्यामागे मासाही.

सासूबाई हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलेपर्यंत. शिंपी काचेकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहिला. बायको अशीच हसायची. हे हसू कुणाकडून आलं होतं ते त्याला आज कळलं.

"काम एकाचं आणि रुबाब एकाचा!" सासूबाई म्हणाल्या. "तो मेला नुसता दारात बसून खातो."

"नुसता कुठे? पहारा करतो," शिंपी म्हणाला.

"तर हो. तुम्ही बाजू घेणारच त्याची."

दुकानवाली हात पुसत आली. "लहान टाकीला जोडी उत्तम. कुणाला त्रास नाही. फक्त वर जाळी लागेल, हा उडी मारतो. आणि काका, तुमचे दगड वाळूवर आहेत की तळाच्या काचेवर?"

"काचेवर. आधी दगड, मग वाळू. तिनेच रचलेत."

"मग हिने खालून पोखरलं तरी ढासळायचे नाहीत." ती टाकीकडे वळली. "ताईंनी ही जोडी इथं उभं राहून पुष्कळदा बघितली होती."

शिंप्याने काचेवर बोट ठेवलं. आतला मासा पुन्हा दारात येऊन बसला होता. नको म्हणायला कारण शोधायचं तर सापडलं असतं. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या अजून डोळे पुसत हसत होत्या.

"बांधा," तो म्हणाला.

बाहेर पडताना तो म्हणाला, "पायरी."

"दिसते मला," सासूबाई म्हणाल्या, आणि पाय चाचपत उतरल्या.

घरी त्याने पडद्याच्या उरलेल्या जाळीला दुहेरी शिवण मारून झाकण केलं. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, आत थोडं थोडं टाकीचं पाणी घातलं आणि दोघांना सांगितल्याप्रमाणे एकाच कोपऱ्यात सोडलं. कोळंबी एका दगडाखाली गेली, मासा भलत्याच दगडामागे. संध्याकाळ झाली तरी कुणी बाहेर येईना.

"भांडली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"नवीन घर आहे, आई."

सकाळी तो पाणी ओतायला गेला तर सासूबाई आधीच तिथे उभ्या होत्या. दगडाखालून वाळूचा ओघळ बाहेर आला होता. दारात मासा.

"मला पिवळं काहीतरी दिसतंय. ती आली का?"

"आली. थांबा. खडा आणलाय."

"मोठा आहे?"

"तिच्या डोक्याएवढा. टाकला. परत निघाली."

"आणि मिशी?"

"मिशी त्याच्यावरच आहे."

सासूबाई आणखी पुढे वाकल्या. वाकताना त्यांनी शिंप्याच्या बाहीला दोन बोटं लावली. तो हातात तांब्या धरून तसाच उभा राहिला. खांदासुद्धा हलवला नाही.

फोन वाजला. सासूबाईंनी दुसऱ्या हाताने तो पदराआडून काढला.

"हो रे, आले मासे. म्हणजे एकच आला. आणि त्याची एक कामवाली. रविवारी? रविवारी नको. टाकीत अजून एक मावतो म्हणतात. तो निवडायचाय... अरे, तुला काय कळणार त्यातलं! घाईनं आणला तर पाणी बिघडतं. मी सांगेन तेव्हा ये."

फोन पदराआड गेला. बोटं बाहीवरच होती. कोळंबी नवा खडा घेऊन दारात आली.

"जावईबापू."

"अं?"

"तो दुसरा मासा," सासूबाई काचेवरची नजर न काढता म्हणाल्या, "तुम्ही निवडता तसाच निवडा. सावकाश."