बिनदुधाचा, बिनसाखरेचा

आमच्या घरी नऊ वर्षांपासून रोज सकाळी तीन कप चहा होते. एक मास्तरचा, एक माहा अन् एक दौलतरावचा. दौलतरावचा कपही मीच पेते, थंड झाल्यावर.

आधीच सांगून ठेवते, मले कोणाची बदनामी कराची नाही. दौलतराव माणूस चांगला आहे. चाळीस एकर वावर आहे, पण अंगात मस्ती नाही. माहे मालक, देवमन मास्तर, अन् ते आसेगावच्या शाळेत एका वर्गात होते. मास्तरची सारी नोकरी बाहेरगावच्या शाळांत गेली. नऊ वर्षांपयले रिटायर होऊन गावात आले, तवापासून दौलतराव सकाळी आठच्या ठोक्याले आमच्या बैठकीत पेपर वाचाले हजर. पेपर आमचा, खुर्ची आमची, पंखाही आमचा. मागच्या साली मास्तरच्या छातीत दुखलं तं याच माणसानं आपल्या जीपमंधी टाकून अकोल्याले नेलं. तीन दिवस दवाखान्यातून हलले नाही. तिथं कँटीनचा चहा आमच्यासंगं पेले. मंगरूळच्या बसस्टँडवर तं दोघं एका बाकड्यावर बसून पेतात. फक्त माह्या चुलीवरचा चहा तेवढा त्याइच्या नरड्याखाली उतरत नाही.

काहून उतरत नाही, ते गावात लहान लेकरालेही मालूम आहे. आमी जय भीमवाले, ते राम रामवाले. पण दौलतराव तोंडानं असं कधी म्हणत नाही, शिकलेला माणूस आहे. पयल्या साली त्याइले अॅसिडिटी होती. मंग दोन सालं ते रोज 'आत्ताच घरून पेऊन' येत. मंग कोण्या महाराजानं त्याइचं दूध सोडवलं. ज्या दिवशी दूध सुटलं त्याच दिवशी मास्तरनं त्याइले बसस्टँडवर भज्यासंगं मलईवाला चहा पेतांना पायलं, दोन कप. मंग चार सालाखाली त्याइले शुगर निघाली. बिमारी झाल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पायला नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून मी कवाच तिसरा कप बंद केला असता. पण मास्तर ऐकत नव्हते. रोज सकाळी सैपाकघरात डोकावून हळूच म्हणत, ठेव ना, एखाद्या दिवशी घेतीन. या माणसाचं सारं करून झालं. घर बांधलं, पोरगा शिकवला, बोधगया पाहून आले. एकच राह्यलं होतं, दौलतरावनं त्या खुर्चीवर बसून एक कप रिकामा करावा. लेकरानं जत्रेतल्या फुग्यासाठी अडून बसावं तसे अडून बसले होते. मले राग ये. पण खरं सांगू काय, झोंबत मलेही होतं. मास्तरची दोस्ती नाकारत नव्हते ते, नाकारत होते माह्या हातचं.

थंडीच्या दिवसांत आमचा प्रसेनजित आला. पुण्याले मशीनीच्या कंपनीत आहे. कंपनीनं त्याले तीन महिने तायवानले धाडलं होतं. तिथून त्यानं चहाचा एक डबा आणला अन् झाकणाची एक पांढरी वाटी. ऊलाँग म्हणतात म्हणे त्या चहाले. दोन हजार मीटर उंच डोंगरावर, ढगात उगवते. मी म्हतलं, बापा, आपल्याकडं तं ढग वावरावरूनही सरळ निघून जातात. पण त्याचं ध्यान माह्या बोलण्यावर नव्हतं. तो बापाले सांगून राह्यला होता का या चहात दूध नसते, साखर नसते. शुगरवालेही पेतात. जेवण झाल्यावर तं मुद्दाम पेतात. आता काकाजवळ बहाणाच नाही उरला, म्हणे.

रविवारी मास्तरनं इस्तरीचा सदरा घातला. आठ वाजता दौलतराव आले, पेपर उघडला.

मी सवयीनं चहाचा गंज गॅसवर ठेवला अन् अद्रक ठेचाले घेतलं तं प्रसेनजितनं माहा हातच धरला. उकळाचा नाही म्हणे. न उकळता कसा चहा होते, हे मले साठ सालात कोणी सांगतलं नव्हतं. आमच्या बोरचं पाणी खारं, ते चालत नाही म्हणून त्यानं वीस लिटरची कॅन आणून ठेवली होती. पाणी उकळलं का गॅस बंद, अन् जरा वेळ दम. तेवढ्यात त्यानं डब्यातला चहा दौलतरावच्या तळहातावर टाकला. हिरव्या हिरव्या गोळ्या, तुरीच्या दाण्याएवढ्या. दौलतरावनं नाकाजवळ नेल्या, म्हणे याले तं लोण्याचा वास येऊन राह्यला. मास्तरच्या डोळ्यात तवाच पाणी यायचं बाकी होतं.

गोळ्या वाटीत टाकल्या, वरून गरम पाणी, अन् दहा मोजाच्या आत ते पाणी फेकून देल्लं. पयलं पाणी पेत नाहीत, ते पानं जागी कराले असते, म्हणे. मी म्हतलं, धन्य आहे. या घरात नऊ सालं नको झालेला चहा आहे, पण म्या त्याचा एक घोट फेकला नाही. दुसऱ्या पाण्याले मोबाइलात पाऊण मिनिट लावलं. मंग भातुकलीतल्यावाणी चिमुकल्या कपात ओतलं. पिवळं, पार तळ दिसे असं.

मी पेली. पालक उकडल्याचं पाणी. प्रसेनजित म्हणे, असं गटकन नाही, तोंडात घोळव, गीळ अन् थांब, घशात गोडी मागून येते. मी थांबली. काही आली नाही. मास्तर डोळे मिटून बसले होते. 'येते भागिरथा,' मले म्हणे, 'हळूहळू येते.' वाट पाहाची सवय त्याइलेच.

दौलतरावचा कप स्टुलावर होता. त्याइनं शुगरचं काढलं, प्रसेनजितनं साखर नसल्याचं सांगतलं. त्याइनं दुधाचं काढलं, ते तं कपातच दिसत होतं. आत्ताच फराळ करून आलो म्हणे, तं प्रसेनजित म्हणे बरंच झालं, पोटात काही असलं का हा जास्त मानवते. दौलतरावनं कपाकडं पायलं. मंग दारातून बाहेर पायलं. समोरच्या नळावर पाणी भराले दहा-पंधरा माणसं होती. अन् त्याइचा चेहरा एकदम मोकळा झाला.

'असं करा मास्तर,' ते म्हणाले, 'मले याची कोरडी पुडी बांधून द्या. घरी आरामात करून पेतो.'

कोरडं चालते. आमच्या घरची तूर त्याइच्या घरी जाते, मिरच्या जातात, गहू जातात. आमच्या घरचं पाणी लागलं का मंग चालत नाही. मास्तर म्हणाले, हो हो, देऊ ना. असं म्हणून हसलेही. मले त्याइचं ते हसणं पाहवलं नाही, मी आत आली. दौलतराव गेल्यावर प्रसेनजितनं त्याच पानाइवर अजून तीन पाणी घातलं अन् आमी तिघं ते पेत बसलो. संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याले गेला.

वाटीतला चोथा मी गुलाबाच्या कुंडीत टाकाले निघाली होती. पायते तं काय, गोळ्याइची चांगली बोटाएवढी पानं झालेली, देठासकट. चार पाण्यातून काढली तरी वास होता. अन् माह्या डोक्यात आलं. म्हतलं, याइले कोरडं पायजे ना? देते. स्लॅबवर मुगवड्या वाळत होत्या, त्याच्या बाजूले ताटात पानं पसरली. दुसऱ्या दिवसाच्या उन्हात कुरकुरीत झाली. ज्या पेपरात दौलतराव तोंड खुपसून बसतात त्याच पेपरात पुडी बांधली अन् मंगळवारी त्याइच्या हातात देल्ली. माह्या घरचं पाणी, माहा गंज, माहा गॅस, चार वेळा. सैपाकघरात येऊन पदर तोंडात कोंबून हसली. मास्तरले बोलली नाही. तो माणूस पोटात काही ठेवत नाही.

मंग दहा दिवस मी जे ऐकलं ते काय सांगू. दौलतरावची शुगर उतरली. दौलतरावचं पोट साफ झालं. ग्रामपंचायतीत सांगून आले, रिसोडच्या मार्केटात सोयाबीन घेऊन गेले तं तिथं अडत्याले सांगून आले का डोंगरावरचा चहा आहे, ढगातला, असातसा नाही. मले वाटे, एवढा चाळीस एकराचा धनी, गोळ्या हातावर घेऊन पायल्या अन् पुडीत पानं निघाली तरी याले समजू नाही? भाकर थापता थापता मले एकटीलेच हसू फुटे. मास्तर मात्र बारीक आवाजात म्हणत, जाऊ दे, त्याइच्या घरी का होईना, पेतात तं आपला चहा. असं म्हतलं का माहं हसू बंद होई.

अकराव्या दिवशी दौलतरावनं दुसरी पुडी मांगतली. मी तयारीत होती. रोज मास्तरले पाजत होती अन् रोज वाळवत होती. पुडी आणून देल्ली तं मधातच मास्तरनं हातात घेतली. आपल्या डोंगराचा वास घ्यावा म्हणून त्याइनं कागद उघडला. पानाइकडं पायलं, मंग माह्याकडं. मी पंख्याकडं पाहू लागली.

मास्तरनं चाळीस सालं लेकराइले खरं बोलाले शिकवलं, तेच नडलं.

'दौलतराव,' ते म्हणाले, 'हा चहा आमच्या भांड्यात एकदा होऊन गेला आहे. पयली पुडीही तशीच असन. मले माहीत नव्हतं.'

मले वाटलं आता खुर्ची आपटून उठतात. दौलतरावनं पेपरची घडी घातली.

'मले मालूम आहे मास्तर. गोळ्या म्या सोताच्या हातावर घेतल्या होत्या ना. सोजरनं तं पुडी सोडताच म्हतलं, वहिनीनं वाळवून देल्ली म्हणून.'

सोजरबाई म्हणजे त्याइची बायको. मास्तरनं इचारलं, मंग पेले कसे?

'पेलो. त्याले काय होते? सोजरही पेली. मी काय ते जुनं मानतो काय मास्तर, आता या वयात?'

मी त्या बैठकीत कधी मधात बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. 'मंग इथं काहून पेत नाही?'

त्याइनं नळाकडं पायलं. 'इथं लोक पाहतात ना वहिनी,' ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात, भाव सांगावा तसं. मंग मास्तरकडं वळून म्हणाले, 'दार लावून घ्या, अन् सांगा वहिनीले. आत्ता पेतो.'

नऊ सालं मी समजत होती का या माणसाच्या मनात इटाळ आहे. मनात असता तं म्हतलं असतं, जाऊ द्या, बापजाद्याइनं भरवलेलं आहे, निघता निघत नाही. याच्या मनात तं काहीच नव्हतं. मांजर डोळे मिटून दूध पेते, याले आमचं दार मिटून पायजे होतं. मी ज्याले खुळा समजून हसत होती, तो आपल्या घरी बसून मले हसला असन.

मास्तर उठले. दाराकडं गेले. मी तुमाले खोटं नाही सांगत, मले वाटलं लावतात. लावलं असतं तरी मी एक शब्द बोलली नसती. एवढ्या वर्षांचा हट्ट होता त्या माणसाचा, अन् तो एका कडीवर आला होता.

आमच्या दाराले दोन पल्ले आहेत. एक रोज उघडते, दुसरा घर बांधलं तवापासून खिट्टी लावून बंद राहते. मास्तरनं वाकून दुसऱ्या पल्ल्याची खिट्टी काढली. गंजली होती, दोनदा ठोकावी लागली. पल्ला उघडला, त्याले वीट लावली अन् दौलतरावची खुर्ची होती तिथंच, पार उजेडात, स्टूल सरकवलं.

'भागिरथा, तीन कप ठेव,' ते म्हणाले. 'नवीन गोळ्या टाक.'

मी कॅनचं पाणी ठेवलं. उकळलं का गॅस बंद केला, दम देल्ला. पयलं पाणी फेकलं. मोबाइल मले जमत नाही, मनातच पाऊण मिनिट मोजलं. एक थेंब सांडू देल्ला नाही. कप नेऊन स्टुलावर ठेवला. नळावरच्या बाया हंडे सोडून आमच्या दाराकडं पाहत होत्या. दौलतरावचा हात मांडीवरून उठला, स्टुलापर्यंत आला. तेवढ्यात रस्त्यानं गावातल्या सेवादासची सवारी भरलेली काळीपिवळी जीप गेली, त्यातून कोणीतरी राम राम ठोकला. दौलतरावनं तोच हात वर करून राम राम घेतला.

'हरभऱ्याले पाणी सोडून आलो होतो मास्तर,' म्हणे, 'मोटर चालूच आहे.' अन् चपला घालून निघाले. पुडी नेली नाही.

हा बहाणा नवीन होता. मी रोजच्या सवयीनं त्याइचा कप उचलाले गेली तं मास्तरनं हातानंच थांबवलं. आपला कप त्याइनं आधीच संपवला होता. दौलतरावचा उचलला अन् दारात उभं राहून, नळावरच्या साऱ्याइच्या समोर, फुर्र फुर्र आवाज करत पेला. नऊ सालात पयल्यांदा तो कप मी पेली नाही.

मी इचारलं, गोडी येते काय?

'थंड झाला,' ते म्हणाले. 'उद्यापासून दोनच कप ठेवत जा.'

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याले दौलतराव आले. मले वाटलं नव्हतं येतीन म्हणून. खुर्चीवर बसले, पेपर उघडला. दाराचे दोन्ही पल्ले उघडे होते. मी आपला साधा चहा केला, अद्रकाचा, दूध-साखरेचा, दोन कप. एक मास्तरले देल्ला, एक घेऊन मी तिथंच बसली. दौलतरावनं एक पान उलटलं, सैपाकघराकडं पायलं. दुसरं उलटलं, पुन्हा पायलं. बिचाऱ्यानं घसाही साफ करून ठेवला होता. पण नाही म्हणायले त्याइच्यासमोर चहाच आला नाही.