शनिवारचे कपडे

मेलबर्नमध्ये शनिवार उजाडला की दिव्यानीची तीन कामं ठरलेली: आठवड्याचे कपडे, आठवड्याची भाजी आणि आईचा फोन. पहिल्या दोन कामांबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. तिसऱ्याला मात्र ती अलीकडे वैतागली होती. आईवर माया नव्हती असं नाही, पण सोमवारी निबंध द्यायचा असताना ‘कपडे किती टाकले’ या प्रश्नाचं उत्तर सलग तिसऱ्या आठवड्यात द्यायचं म्हणजे माणसाचं डोकं फिरणारच.

तिकडे मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावात मोहफुलांचा हंगाम सुरू होता. पहाटे गळालेली फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. गावातल्या प्रत्येक घराची झाडं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली ठेवत नाही. वच्छलाबाईचं, म्हणजे दिव्यानीच्या आईचं, झाड सडकेपासून जरा आतच होतं. तिथं नेटवर्क यायचं, म्हणून ती फुलं वेचता वेचताच व्हिडिओ कॉल लावायची. तिथले सहा म्हणजे इथले साडेदहा.

आजही दिव्यानी कोपऱ्यावरच्या लॉण्ड्रीत बाकावर बसली होती. समोर मशीन फिरत होतं. शेजारी एक म्हातारा पेपर वाचत होता, पलीकडे एक बाई बाबागाडी पुढेमागे करत होती. फोनमध्ये आई उकिडवी बसून, मान खाली घालून फुलं वेचत होती. तिनं फोन टोपलीला टेकवून ठेवला होता.

“जय भीम, आई. तुह्यासंगं रुखमाबाई आली नाई का आज?”

“हाये ना तिकडं, पल्याड,” आई वर न बघताच म्हणाली. “कपडे किती टाकले वो?”

“झाले सुरू तुझे! एकोणीस.”

“कोणते कोणते?”

दिव्यानीनं कपाळाला हात लावला. निदान आज हे सगळं दोघींतच राहणार होतं, एवढंच समाधान. आई फोन स्पीकरवर टाकून बोलायची आणि दिव्यानीचं घरगुती बोलणं साऱ्या रानाला ऐकू जायचं. त्यावर उपाय म्हणून तिनं गावाकडे निघालेल्या एका मैत्रिणीसोबत गळ्यात अडकवायचे इअरफोन पाठवले होते. ते परवाच पोचले होते. आईच्या दोन्ही कानांत काळी बोंडं घट्ट बसली होती. पोरगी शिकली की आईला शहाणं करायची घाई होते, तसंच हे.

“भाजी कोणती आणणार हायेस?” आईनं विचारलं.

“भेंडी...” म्हणता म्हणता दिव्यानी थांबली.

फोनमधून, आईच्या आवाजामागून, एक वेगळा आवाज आला. खॅक. खॅक. पुन्हा खॅक. वानर ओरडत होतं, आणि ते खेळताना ओरडतं तसं नव्हे. ते ओरडणं रानाशेजारच्या गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. रानात वाघाचं नाव घेत नाहीत, नुसतं ‘तो’ म्हणतात. तो खाली कुठंतरी होता.

आईला काहीच ऐकू गेलं नव्हतं. वाकलेली पाठ झुडपांकडे करून ती निवांत फुलं वेचत होती. वाकलेलं माणूस त्याला जनावरच वाटतं.

“आई,” दिव्यानीनं आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. “उभी राय. सरळ उभी राय, वाकू नको.”

“काऊन वो?”

“वानर ओरडून राह्यलं. तुले नाई येत ऐकू. कानातलं काढ.”

वच्छलाबाई उठली. तिनं बोंडं ओढली, मान वळवली, आणि तिची नजर झुडपांत एका जागी खिळली. आईनं झडप घालून फोन उचलला. ओठ हलले, “बोल, बोल नं!” दिव्यानी बोलतच होती, ओरडत होती, पण तिचा आवाज अजून त्या लोंबणाऱ्या बोंडांतच चालला होता. आपला आवाज रानात पोचतच नव्हता आणि ते आपण पाठवलेल्या इअरफोनमुळं झालं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

“बटण दाब! गळ्यातलं बटण!” तिनं स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवून खुणा केल्या. आईचा अंगठा एकदा चुकला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बटण दाबलं गेलं, इअरफोन बंद झाले, मग तिनं स्पीकर लावला.

दिव्यानी बाकावरून उठली आणि लहानपणापासून जे ऐकलं होतं तेच तिच्या तोंडून फुटलं. बायका रानात पांगल्या की एकमेकींना अशा हाका घालतात.

“रुखमाबाईऽऽ! कुठी हायस वोऽऽ! ठमाबाईऽऽ, इकडं याऽऽ! लहानूभाऊऽऽ, कुऱ्हाड घेऊन याऽऽ! रंभाऽऽ! कमळाऽऽ!”

गावातलं जे नाव आठवेल ते तिनं घेतलं. कधी जाड आवाज काढला, कधी बारीक. एकटीनं सारं गाव त्या झाडाखाली उभं केलं. म्हाताऱ्यानं पेपर खाली ठेवला. बाबागाडीतलं लेकरू रडू लागलं. तिला कशाचीच शुद्ध नव्हती.

“पाठ नको दाखवू त्याले! उलट्या पायानं ये! दिनेशऽऽ! नंदिनीऽऽ!”

फोनमध्ये कधी आभाळ दिसे, कधी फांद्या, कधी आईच्या लुगड्याचा काठ. मग एकदम काळी डांबरी सडक दिसली. आई सडकेवरच्या मोरीच्या, छोट्या पुलाच्या, कठड्याला टेकली होती आणि धापा टाकत होती.

“बोरीच्या झुडपामागं बसून होता,” ती म्हणाली. “माह्याकडंच पाहत. तू ओरडली तसा उठला, आन्‌ गेला.”

“आन्‌ रुखमाबाई?” दिव्यानीचा घसा पार बसला होता.

आईनं पदरानं घाम पुसला. “थे येतच नाई तीन हप्त्यांपासून. सूनबाई बाळंत झाली तिची. तुले सांगतलं असतं त तू मले येऊ देल्ली असती का?”

“एकटी जात होतीस तू?”

“एकटी कुठी? शनिवारीच येत होती मी, तू होतीस नं. तुह्या कपड्यायचं मले काय करा लागते वो? मले बोलणं पाहिजे होतं. माणसाचा आवाज असला का थो जवळ येत नाई.”

दिव्यानी बाकावर बसली आणि रडली. म्हाताऱ्यानं काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. मशीन केव्हाच थांबलं होतं.

“उद्यापासून चार-पाच जणी मिळूनच जा. कबूल कर.”

“कबूल. टोपली तिथंच राह्यली, थे बी तवाच आणू.” आई उठली. तिनं सडकेच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. गाव अजून एक किलोमीटर होतं आणि दोन्हीकडे रानच होतं. “आता गाव येईपर्यंत बोल. कपडे कोणते कोणते होते?”

दिव्यानीनं डोळे पुसले, मशीनचं दार उघडलं आणि ओला गठ्ठा मांडीवर घेतला.

“निळा कुर्ता!” ती ओरडली. “टॉवेल, दोन! काळी पॅण्ट!”

एकोणीस कपडे संपले तेव्हा तिनं ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतले. फोनमधून गावातली कुत्री भुंकलेली ऐकू येईपर्यंत ती थांबली नाही.