मुशीतलं वांगं

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात सोयाबीनच्या गाड्यांना वाट मिळेना, एवढी माणसं मूसनाथ महाराजांच्या भट्टीभोवती दाटली होती.

"मातीच्या पोटी, देवी निघंल मोठी!" महाराज गरजले. "बघा, पाप कसं गळून राहिलं!"

भट्टीवर पालथ्या धरलेल्या मातीच्या गोळ्याला भोक होतं. त्यातून पिवळसर थेंब टपटपत होते. जनकाबाईंनी हात जोडले. त्यांचा माहेरचा पितळी हंडा शेजारच्या मुशीत वितळत होता. महाराजांचं सांगणं होतं, देवी निघाली की सोबत आलेल्या नातीची, आकांक्षाची मिरगी जाणार; तिचं औषध पदराला बांधलेलं, ते नदीत सोडायचं.

सून संगिता गालातल्या गालात हसत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. गेल्या बाजारी तिला त्या पापाचा वास आला होता: वीज गेल्यावर घरात दरवळतो, तोच. आणि महाराजांचा नेमच असा, की गोळा भक्तानं घरी नेऊन आठवडाभर पुजायचा.

"आत्याबाई, पाप गळल्यावर आत काय उरतं?"

"पुण्य! गप बस."

महाराजांनी गोळा सुलटा केला, भोकात लालभडक रस ओतला. निवल्यावर हातोडी घातली. माती फुटली आणि निघालं पितळेचं वांगं. देठासकट!

"महाराज," भाजीवाला फारुक ओरडला, "भरताचं हाय का भाजीचं?"

बाजार खदखदला. महाराज जनकाबाईंकडं वळले. "ह्या घराचं पाप जड हाय!"

"पाप न्हाई, मेण," संगितानं पिशवीतून मेणाची देवी काढली. "घरी तुमचा गोळा फोडला, तर आत ही होती. मी मेणबत्त्यांचं वांगं केलं, वर माती लिंपली. तापलं की मेण गळतं, पोकळी उरते, पितळ तिचाच आकार घेतं. मशीनचे भाग असेच ओततात. कला सोन्यासारखी हाय, महाराज. पण तिच्या जोरावर लेकराचं औषध काहून तोडता?"

महाराजांनी झोळी उचलली.

"माझा हंडा गेला गं," जनकाबाई पुटपुटल्या.

"हंडा गेला. आकांक्षा हाय."

म्हातारीनं पदराची गाठ सोडली. "आकांक्षे, पाणी आन."

ते वांगं आता त्यांच्या खिडकीत असतं. कुणी नवा चमत्कार सांगत आला, की जनकाबाई वांग्याकडं बोट दाखवतात: "हात जोडायच्या आधी, बाबा, जे गळून राहिलं ते बोटाला लावून बघ."