गेलनचा खरं बोलण्याचा हंगाम

आमच्या मासेमारी क्लबाचा फेब्रुवारीत एक सोहळा असतो. तळ्याकाठी व्हर्नाच्या खानावळीत सगळे जमतात, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली मासळी हाणतात आणि मग एकेकाने उभं राहून येत्या हंगामात काय साधणार ते जाहीर करायचं. दरवर्षी तीच माणसं तेच बोलतात: यंदा दहा पौंडांचा बास मासा धरणार. अलाबामातल्या आमच्या या तळ्यात आता दहा पौंडांचा बास उरलाय की नाही हे देवाला ठाऊक, पण तो धरण्याचे संकल्प मात्र दर वर्षी टनावारी सुटतात.

त्या वर्षी गेलन स्टबलफील्ड उभा राहिला. गेलन विमा विकतो. त्या हिवाळ्यात कंपनीने त्याला ध्येय कसं ठरवावं याचं शिक्षण घ्यायला बर्मिंगहॅमला पाठवलं होतं आणि तिथून तो नवा बाप्तिस्मा झाल्यासारखा परतला होता.

"ध्येय आपल्या हातातलं पाहिजे," तो म्हणाला. "मासा लागणं आपल्या हातात नाही. तेव्हा माझं ध्येय एवढंच. या हंगामात माशांबद्दल एकही थाप मारणार नाही."

क्लबाचा अध्यक्ष डेल्मर होकट याने काटा खाली ठेवला. "एकही?"

"एकही."

"मग तू बोलणार काय?"

लोक हसले, पण जरा बिचकतच. गेलनच्या बोटीत आमच्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी बसलेला होता.

मार्चमध्ये पहिला दणका बसला. रविवारी प्रार्थना आटोपून सगळे चर्चच्या अंगणात उभे असताना डेल्मरची बायको ओपलीन गेलनला म्हणाली, "काल अंधार पडेपर्यंत मासे लागत होते म्हणे?"

"दुपारीच लागायचे थांबले," गेलन म्हणाला. "आम्ही तेव्हाच परतलो."

"मग डेल्मर रात्रीपर्यंत कुठे होता?"

"तो प्रश्न माशांचा नाही. त्यावर मी बोलत नाही."

तो आठवडा डेल्मर ओसरीवर झोपला.

जूनमध्ये त्याहून वाईट झालं. व्हर्नाच्या भिंतीवर डेल्मरचा अकरा पौंडांचा बास आहे, पेंढा भरून फळीवर ठोकलेला. ओहायोहून आलेल्या एका कुटुंबाला डेल्मर त्याची हकिकत सांगत होता. दोरी कशी ताणली, काठी कशी कमानीसारखी वाकली, हात कसे सोलवटले. त्यातल्या बाईने शेजारच्या टेबलावरच्या गेलनकडे वळून सहज विचारलं, "तुम्ही होता का तेव्हा बरोबर?"

डेल्मर गेलनकडे बघत राहिला. इतकं केविलवाणं मी त्याला बापाच्या दफनालाही पाहिलं नव्हतं.

गेलनने तोंड पुसलं. "होतो. मासा मेलेला होता. पोट वर करून तरंगत होता. जाळीने उचलला आम्ही."

त्यानंतर गेलनच्या बोटीत कोणी बसेना. मीही पाठीचं दुखणं काढलं. माझेही दोन-तीन मासे मला जपायचे होते. गेलनला त्याचं काही वाटलं नाही. उलट तो खुलला. खरं बोलून एकट्या पडलेल्या माणसाला एक मस्ती चढते, ती त्याच्या चालण्यात दिसायला लागली. पेट्रोल पंपावर कोणी कसल्या माशाची गोष्ट सांगत असलं की हा मुद्दाम जवळ जाऊन उभा राहायचा, न बोलता.

ऑगस्टमध्ये बोट वाहून न्यायच्या ट्रेलरच्या कुलपाची किल्ली परत द्यायला मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याची बायको नेडीन ओसरीवर शेंगा सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "गेलन, दर शनिवारी तू जातोस ते माशांसाठी, की माझ्यापासून लांब बसायला?"

हा प्रश्न माशांबद्दलचा धरायचा की नाही, याचा गेलनने बराच वेळ विचार केला. शेवटी धरला.

"दोन्ही," तो म्हणाला. "मासे जरा कमी."

मी किल्ली कठड्यावर ठेवली, पण निघायचं कसं ते सुचेना.

"बरं झालं विचारलं," नेडीन म्हणाली. "ती बोट तुला वाढदिवसाला कोणी दिली, आठवतंय ना? तू पाण्यावर असलास की या घरात काय शांतता असते, तुला नाही कळायची ती."

खरं बोलायला गेलन शिकला होता. ऐकून घ्यायचं कंपनीने शिकवलं नव्हतं. तो उठला आणि भर उन्हात गवत कापायला गेला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही व्हर्नाकडे बसलो होतो. दार उघडून गेलन आत आला. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या.

"नऊ पौंडांचा," तो म्हणाला. "मी एकटाच होतो. तोलला आणि सोडून दिला."

"हो का. छान," डेल्मर म्हणाला. "व्हर्ना, तो सॉस दे इकडे."

गेलन उभाच राहिला. फोटो दाखव असं कोणी म्हणालं नाही, शपथ घे असं कोणी म्हणालं नाही. कोणी डोळाही मारला नाही.

"नऊ पौंड," तो पुन्हा म्हणाला.

"ऐकलं की. तू म्हणतोस म्हणजे असणारच," मी म्हणालो. आम्ही खात राहिलो.

तो खुर्ची ओढून टेबलाच्या टोकाला बसला, एकटाच. व्हर्नाने आणलेल्या ताटाला त्याने हात लावला नाही. बराच वेळ मिठाची बाटली फिरवत होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, "खरं तर दहाच्या वरच असेल. तोलताना एकसारखा वळवळत होता."

डेल्मरचा घास हातातच राहिला. जूननंतर पहिल्यांदाच त्याने गेलनकडे सरळ पाहिलं.

"दहा?"

"साडेदहा म्हण."

"काहीतरीच फेकू नकोस."

"आईची शपथ."

"तुझी आई कधीच गेली, तिला कशाला मध्ये आणतोस," डेल्मर म्हणाला आणि आपलं ताट उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसला. मागोमाग आम्ही सगळे सरकलो. "कुठे लागला ते सांग आधी."

गेलनने खिडकीतून तळ्याच्या अलीकडच्या टोकाला असलेल्या धरणाकडे बोट दाखवलं. सकाळी मी त्याची बोट तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पुलाखाली पाहिली होती.