फूल पडू द्यायचं नाही

सोमवार, ९ जानेवारी २०१२. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. स्टुलावर पाठमोऱ्या बसलेल्या बायकोच्या केसांचे इन्स्पेक्टरांनी तीन भाग केले, ते बोटांनी चाचपून पाहिले आणि मधला जरा जाड वाटला म्हणून सगळे सोडून पुन्हा विंचरायला घेतले.

"अहो, वेणी आहे ती, दोरखंड नव्हे," बाई म्हणाल्या. "कुणी ओढून बघणार नाहीये."

"पेड सारखे नसले की वेणी एका बाजूला वळते."

"वळू दे. मीही वळते कधीकधी."

"मान सरळ."

बाईंनी मान सरळ केली.

इन्स्पेक्टर हा त्यांचा जुना हुद्दा. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते पंपांच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तयार भाग मोजून पास किंवा नापास करत राहिले. इमारतीत नव्याने राहायला आलेली माणसे हा हुद्दा ऐकून त्यांना पोलीस समजत आणि महिनाभर आपापली वाहने नीट लावत. तो गैरसमज दूर करण्याची इन्स्पेक्टर घाई करत नसत.

बाई टेलिफोन केंद्रात ऑपरेटर होत्या. जुन्या काळी समोरच्या उंच बोर्डात हाताने दोऱ्या खोचून एकाला दुसऱ्याशी जोडून द्यावे लागे. बोर्डाच्या अगदी वरच्या ओळीपर्यंत सहज पोचणारा त्यांचा उजवा हात गेल्या ऑगस्टपासून खांद्याच्या वर जाईनासा झाला होता. खांदा गोठला आहे, असे डॉक्टर म्हणाले. पातेले खाली ठेवता येई, पण फळीवर चढवता येत नसे. जेवता येई, पण केस विंचरता येत नसत. केस कापून टाकावेत असे बाईंच्या मनात आले होते. तेव्हा इन्स्पेक्टरांनी न बोलता कंगवा हातात घेतला. पहिल्या आठवड्यात गुंताच जास्त निघाला. दिवाणखान्यातल्या पडद्याच्या दोरीवर त्यांनी गुपचूप सराव केला, आणि मग जमले.

वेणी झाली की भिंतीचा कार्यक्रम. फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितले होते की भिंतीसमोर उभे राहून बोटे एकेक करत वर चढवायची. यात इन्स्पेक्टरांनी स्वतःची भर घातली. स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर त्यांनी आलेखाच्या कागदाची उभी पट्टी ओळंब्याने सरळ करून चिकटवली होती आणि बोटे जिथे थांबतील तिथे ते टोकदार पेन्सिलीने खूण करत. तीन आठवडे सगळ्या खुणा एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

"टाच!"

"काय टाच?"

"उचललीस. ही उंची खांद्याची नाही, पायाची झाली."

"थोडी पायाची, बाकीची माझी. द्या की पास करून."

"चुकीचा भाग मी पास करत नाही."

"मी भाग नाही, बायको आहे." बाईंनी हात खाली घेतला. "आणि मी काय पाल आहे रोज भिंतीवर चढायला? पालीला निदान वर किडा तरी मिळतो. मला काय मिळतं? तुमची पेन्सिल!"

इन्स्पेक्टरांनी खूण न करता पेन्सिल खिशाला लावली. रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. काळजी करण्यासारखे मात्र होते. मार्चअखेरपर्यंत हात वर गेला नाही, तर भूल देऊन खांदा जोर लावून मोकळा करावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दवाखान्यातून परत येताना बाई म्हणाल्या, "ताईला भूल दिली होती. ती उठली नाही."

"त्याला चाळीस वर्षं झाली. आता हजारात एखादा..."

"आकडा नका सांगू."

त्यांनी सांगितला नाही. भिंतीवरचा कागद त्याच संध्याकाळी लागला.

जानेवारी संपता संपता एका संध्याकाळी बाईंनी पायात चपला सरकवल्या. "टेलरबाईंनी फूल आणलंय. गच्चीवर जाऊन येते."

इन्स्पेक्टर वर्तमानपत्रातून वर न पाहता म्हणाले, "इथेच घेऊन ये. पेल्यात पाणी घालून ठेवतो."

बाई दाराची चौकट धरून इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा आत येऊन बसावे लागले. "अहो, बॅडमिंटनचं फूल!"

टेलरबाई तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवत. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. साखर वाढली म्हणून त्यांनाही डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. कुठेही न पोचता चालणे हा त्यांच्या मते शुद्ध वेडेपणा होता. लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या दोन रॅकेटी त्यांना माळ्यावर सापडल्या होत्या. एकीची तुटलेली तार त्यांनी जाड दोऱ्याने चक्क रफू केली होती.

"उजव्या हाताने खेळणार?" इन्स्पेक्टरांनी विचारले. "सांगितलेल्या व्यायामांत ते नाही."

"म्हणून तर जातेय."

पाहणी आवश्यक होती. इन्स्पेक्टर घडीची खुर्ची घेऊन पाठोपाठ गच्चीवर गेले. बाई कोपर कमरेला चिकटवून उभ्या राहिल्या आणि पळीने वाढावे तसे फूल पुढे ढकलू लागल्या. टेलरबाई ते परत पाठवत, ते पडे, आणि दोघींपैकी कुणीतरी हुश्श करत वाके.

"मध्ये दोरी बांधू का?" इन्स्पेक्टर म्हणाले. "खडूने रेषाही आखून देतो. गुण कसे मोजणार आहात?"

"साहेब, इथे कुणी कुणाला हरवायला आलेलं नाही," टेलरबाई म्हणाल्या. "फूल पडू द्यायचं नाही, एवढाच नियम. पडलं तर दोघी हरलो."

"मग जिंकतं कोण?"

"ते तुम्ही खाली जाऊन शोधून काढा."

फूल पुन्हा उडाले. बाईंना काय वाटले कोण जाणे, त्यांनी टेलिफोन केंद्रातला जुना, गोड, सरकारी आवाज काढला. "नंबर प्लीज?"

"तिसरा मजला, टेलरबाई!"

"जोडून देते. बोला."

"ब्लाउजला दोन दिवस लागतील!"

"लवकर बोला, वेळ संपत आला..." फूल पाण्याच्या टाकीवर आपटून खाली पडले. "लाइन तुटली!"

दोघी शाळेतल्या मुलींसारख्या खिदळल्या. पुढच्या खेपेला बाईंनी हात जरासा उचलला, खुर्चीकडे नजर गेली आणि हात तिथेच थांबला.

"अहो, तुम्ही खाली जाता का? तुम्ही बघत असलात की मला टाच आठवते."

इन्स्पेक्टरांनी खुर्ची मिटली. जिना उतरताना ते त्यांच्या मनाला थोडे लागले, हे खरे. पण पाठीमागून आलेला हशा बायकोचा होता आणि तसा हशा घरात बऱ्याच महिन्यांत झाला नव्हता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले.

त्यानंतर रोज संध्याकाळी वरून आवाज येत राहिले. 'ट्रंक कॉल, ट्रंक कॉल!' म्हणजे फूल उंच गेले. 'राँग नंबर!' म्हणजे ते शेजारच्या इमारतीच्या गच्चीत पडले. बाई घामाघूम होऊन खाली येत, दोन घास जास्त जेवत आणि पडल्या पडल्या झोपत. भिंतीसमोर मात्र त्या उभ्या राहीनात.

"मोजू या का?"

"उद्या."

"काल उद्या म्हणालीस."

"आज पण उद्याच म्हणतेय. बदललेय का मी?"

कागदावरची शेवटची खूण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली राहिली. सकाळी वेणी घालताना इन्स्पेक्टर बायकोच्या उजव्या खांद्याकडे पाहत. स्टुलावर तो खांदा नेहमीसारखाच पडलेला असे. वरवर पाहून काहीच कळत नसे.

मार्चच्या मध्याला एका संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. तीस तारखेला दाखवायला यायचे. गरज पडली तर भुलीची तारीख तेव्हाच ठरवू. ऐन वेळी कळण्यापेक्षा आत्ताच सांगावे म्हणून इन्स्पेक्टर जिना चढून गेले. शेवटच्या वळणावर गच्चीचे दार उघडे होते.

वारा होता. टेलरबाईंनी मारलेले फूल वाऱ्यावर भरकटत उंच गेले.

"गेलं, गेलं! ट्रंक कॉल!"

बाई तीन पावले मागे सरल्या. उजवा हात वर गेला, कोपर कानाला लागले, रॅकेट थेट आभाळात. टप्प असा आवाज झाला आणि फूल शहाण्यासारखे परत फिरले. इन्स्पेक्टरांनी आधी पाहिल्या त्या टाचा. दोन्ही जमिनीवर होत्या.

हाक मारण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, आणि का कोण जाणे, मिटले. ते हळूच खाली उतरले. फोनचे त्यांनी जेवताना सांगितले. बाई "बरं" म्हणाल्या आणि ताटाकडे पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला बाई नेहमीप्रमाणे स्टुलावर येऊन बसल्या. कंगवा त्यांनी डाव्या हाताने मागे दिला.

"हात कसा आहे?" इन्स्पेक्टरांनी विचारले.

"आहे तसाच."

इन्स्पेक्टरांनी कंगवा घेतला. नोकरीत त्यांनी एकही चुकीचा भाग पास केला नव्हता. त्यापायी वरिष्ठांशी वाईटपणा घेतला होता. बायकोचे उत्तर चूक होते, आणि खरे काय ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी केसांचे तीन भाग केले, बोटांनी चाचपले, सोडले आणि पुन्हा केले. त्या दिवशी वेणीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पुढच्या सकाळीही लागला.

तीस मार्चला डॉक्टरांनी सांगितले, "करा हात वर." बाईंनी केला. डॉक्टरांनी तो मागे नेला, फिरवला, मानेमागे टेकवला आणि खूश होऊन भुलीचा विषय मिटवला. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "आजी, भिंतीचा व्यायाम अगदी नेमाने केलेला दिसतोय."

नवरा-बायको दोघेही फरशीकडे पाहू लागले.

"ह्यांचा पहाराच तसा कडक होता," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर रिक्षा न करता दोघे चालत निघाले. कोपऱ्यावरची छापखान्याची पाटी मागे पडल्यावर इन्स्पेक्टरांनी विचारले, "वेणी कधीपासून घालता येते तुला?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"मला कुठे..."

"जिन्यात चप्पल वाजली तुमची. चढताना वाजली, वळणावर थांबली, उतरताना दबकत वाजली. तीस वर्षं कानांवर पोट भरलंय मी. तुमची चप्पल ओळखणार नाही?"

"मग दुसऱ्या दिवशी 'आहे तसाच' का म्हणालीस?"

"तुम्ही ऐकून का घेतलंत?"

रस्ता ओलांडायचा होता. दोन्ही बाजू पाहून झाल्यावर इन्स्पेक्टरांनी बायकोचा उजवा हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

"पेड सारखे करताना तुम्ही गुणगुणता," बाई म्हणाल्या. "ठाऊक आहे का?"

"मी?"

"सूर जरा वळतो एका बाजूला. पण गुणगुणता. आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मी कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, अजून चार दिवस ऐकू."

इन्स्पेक्टरांची चाल जरा मंदावली.

"पण आता मी माझी घालणार," बाई सावकाश म्हणाल्या. "राग नका मानू. आपली वेणी रोज दुसऱ्याने घातली की आपलं डोकंही आपलं वाटेनासं होतं."

"बरोबर आहे. त्यात राग कसला?" ते म्हणाले, आणि त्यांना ते खरोखरच बरोबर वाटले.

शनिवारी सहा चाळीसला इन्स्पेक्टर सवयीने बाहेर आले तेव्हा स्टूल टेबलाखाली सरकवलेले होते आणि बाई दुधाचे पातेले वरच्या फळीवरून काढत होत्या. पाठीवर वेणी होती. जरा डावीकडे वळलेली. इन्स्पेक्टरांनी ते पाहिले आणि सोडून दिले. मग ते भिंतीवरचा कागद काढायला लागले. कागदाच्या मागची भिंत बाजूच्या रंगापेक्षा उजळ राहिली होती, हाताच्या उंचीपासून पार वरपर्यंत.

संध्याकाळी टेलरबाईंनी जिन्यातूनच हाक मारली. "साहेब, आज वर या! तिसरा माणूस हवाय. राँग नंबर झाला की फूल आणायला."

ते गेले. खुर्ची नेली नाही. वाकून वाकून कंबर धरली, तरी शेवटी रॅकेट एकदा त्यांच्या हातात आली आणि बाईंनी त्यांच्याकडे फूल उडवत विचारले, "नंबर प्लीज?" काय सांगावे ते त्यांना सुचेना. फूल पडले.

"पहिल्या दिवशी सगळ्यांचं पडतं," टेलरबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी इन्स्पेक्टरांना उशिरा जाग आली. स्टूल टेबलाखालून ओढल्याचा आवाज झाला होता. बाई केस मोकळे सोडून पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि कंगवा त्यांनी उजव्या हाताने, डोक्यावरून, मागे धरला होता.

"रविवारी मला कंटाळा येतो," त्या म्हणाल्या. "दर रविवारी."

इन्स्पेक्टरांनी कंगवा घेतला आणि केसांचे तीन भाग केले.

आठवड्याला सात वेण्या होत असत. आता एक.